अडचण

मी तोंडाची फटकळ आहे, आमच्या गावात कुणालाही विचारा. ब्लाउज शिवते. बायका माप द्यायला येतात तेव्हा कुणाचा एक खांदा उतरता आहे, कुणाचं पोट सुटलंय, हे तोंडावर सांगते आणि तसंच बेतते. दुसऱ्या बाईच्या अंगाबद्दल बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही. माझ्या स्वतःच्या अंगाबद्दल एक वाक्य नवऱ्याला सांगायला मात्र मला तीन वर्षं लागली. आणि सांगितलं तेही कधी, तर माझी पिशवी काढायची तारीख ठरून तीन दिवस उरले होते तेव्हा. गर्भाशय म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, पिशवीच म्हणतात. ती चांगली होती, तिला काही झालेलं नव्हतं, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

आमचं गाव रहिमतपूरपासून आत आहे. नवरा फौजेत. घरात मी आणि सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. मुलगी साताऱ्याला शिकायला. पाच वर्षांपूर्वी मशीन चालवताना माझ्या लक्षात आलं की उजव्या पायातली चप्पल कधी गळून पडते ते मला कळत नाही. मग भर उन्हाळ्यात अनवाणी डांबरी रस्ता ओलांडून किराणा घेऊन आले, आणि आत्या ओरडल्या तेव्हा खाली बघितलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, इथं तळपायाला आगच कळत नव्हती. महिनाभर मुंग्या, मग डाव्या डोळ्याला धूसर, मग मिरज. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस, थोडक्यात एम.एस. वायरीवरचं प्लॅस्टिक सोलवटल्यावर करंट नीट जात नाही, तसं नसांचं झालंय म्हणाले. शेजारची म्हणाली, "एम.एस. तर डॉक्टरच्या पाटीवर असतं की, तुला कसं झालं?" मी हसले. तोवर हसू येत होतं.

त्याच खेपेला एक फॉर्म भरून घेतला होता. टेबलामागची मुलगी खाली मान घालून भराभर विचारत होती. चक्कर? झोप? भूक? मग तसंच, त्याच सुरात, "संबंधात काही अडचण?" आत्या शेजारी बसलेल्या. त्या माझ्या आधी बोलल्या, "व्हय, परवाच आलीय अडचण तिला." आमच्याकडं अडचण म्हणजे पाळी. दुसरा अर्थ असतो, पण तो रस्त्याला आणि पैशाला. मुलीनं काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यानंतर पाच वर्षांत माझे डोळे तपासले, पाठीतलं पाणी काढून तपासलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, रेघेवरून चालायला लावलं. तो प्रश्न परत कुणी विचारला नाही आणि मीही काढला नाही.

विचारलं असतं तर काय सांगणार होते? कमरेखाली, पुढून, मला काही कळेनासं झालं होतं. अंघोळीला पाणी ओतलं तर मांडीवर कळायचं, आत नाही. रुमाल घडी करून ठेवावा तसं ते अंग माझ्यापासून वेगळं पडलेलं. नवरा रजेवर आला तेव्हा मी जे करायचं ते केलं. त्यांना कळू नये म्हणून जिथं जसा श्वास घ्यायचा तसा घेतला. त्यांना आवडलं आणि मला रडू आलं. ते म्हणाले, "लय दिवसांनी आलो म्हणून रडतीस व्हय?" मी हो म्हटलं. पहिलं खोटं ते.

पुढच्या रजेला त्याहून वाईट झालं. या आजारात लघवी धरवत नाही. लागली म्हणजे लागली, उठून जाईपर्यंत दम नाही. मी एसटीनं मिरजेला जायचं सोडलं होतं ते त्यामुळंच, रेल्वेत निदान संडास असतो. त्या रजेत एका रात्री ऐन वेळी मांड्या आवळून आल्या, पाय माझे असून माझं ऐकेनात, आणि त्या ओढाताणीत गादी भिजली. मला कळलंसुद्धा नाही. त्यांच्या हाताला कळलं. ते उठले, चादर काढली, दुसरी घातली, पाठ करून झोपले. त्यांनी शिवी दिली असती तर मी चार दिल्या असत्या. पण ते गप्प राहिले आणि मी लाजेनं अर्धी झाले.

सकाळी उठून मी आत्यांना म्हटलं, "मला अडचण हाय."

आमच्या घरी अजून पाळतात. चार दिवस देवाला शिवायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला तर नाहीच, आणि अंथरूण वेगळं, मधल्या खोलीत. लग्न होऊन आले तेव्हा या प्रकाराचा मला इतका राग यायचा की मी मुद्दाम बरणीला बोट लावून बघितलं होतं. लोणचं वर्षभर टिकलं. त्याच वेगळ्या अंथरुणात त्या दिवशी मी आपणहून जाऊन पडले आणि मला बरं वाटलं. चार दिवसांचे सहा केले, सहाचे दहा. नवऱ्यानं काही विचारायचा प्रश्नच नव्हता, अडचण म्हटल्यावर आमच्याकडचे पुरुष पुढं विचारत नाहीत. त्याच्या पुढच्या रजेलाही तेच. ते दारात बॅग ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मला अडचण यायची.

मी हुशारी केली होती असं मला वाटत होतं. आत्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसलंच नाही. एवढे दिवस बाहेर बसते म्हणजे बाईच्या अंगावरनं जातंय, असं त्यांनी धरलं. त्यांच्या बहिणीला तसंच झालं होतं आणि कॅन्सर निघाला होता. त्यांनी मला विचारलं नाही, मुलाला फोन करून सांगितलं. म्हणाल्या, आधीच तिचा तो शिरांचा आजार, त्यात हे, लेकरा रजा काढून ये. आणि ते आले. शिल्लक होती ती सगळी रजा माझ्या पिशवीसाठी घेऊन आले.

तिघं मिळून आम्ही जवळच्या गावातल्या एका दवाखान्यात गेलो. सगळी हकीकत आत्यांनीच सांगितली. किती दिवस जातं, कधीपासून. मी मान हलवत होते. सोनोग्राफीत वाटाण्याएवढी एक गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, तशी साधी आहे, पण एवढं जात असेल तर वय बघता काढून टाकलेली बरी. सोमवार ठरला. नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नगं."

आता मला विचारा की तिथंच का नाही बोललीस. मी स्वतःला तेच विचारत होते. बाहेर आल्यावर रसवंतीत बसलो, आत्यांनी माझ्या ग्लासातला बर्फ काढायला लावला, बाधेल म्हणून. मी तो उसाचा रस पीत हिशेब घालत होते की ऑपरेशननंतर सहा महिने तरी कुणी जवळ येणार नाही. डॉक्टरांनीच सांगितलेलं असेल, मला खोटं बोलावं लागणार नाही. मग लगेच दुसरा विचार आला, पिशवी गेल्यावर अडचण कुठनं आणू? आणि मला माझीच किळस आली. हसूही आलं, खरं सांगते. चांगल्या पोटावर सुरी चालवून घ्यायला निघालेली बाई पुढच्या बहाण्याची काळजी करत होती.

भूल द्यायची म्हणजे मिरजेच्या डॉक्टरांचं पत्र लागणार होतं. शुक्रवारी आम्ही दोघंच रेल्वेनं गेलो. आत्यांचे गुडघे धरले होते म्हणून त्या राहिल्या. गाडीत ते माझ्यासाठी खिडकी धरून बसले आणि मी तीनदा संडासला जाऊन आले. ताकारीच्या पुढं त्यांनी केळं सोलून हातात दिलं. इतकं नीट वागत होते की माझा संताप व्हायला लागला. माणसानं थोडं तरी वाईट वागावं, म्हणजे खोटं बोलायला जड जात नाही.

मिरजेला डॉक्टर राउंडला गेले होते. एक वयस्कर सिस्टर होत्या, त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं आणि कागद पुढं ओढला. "कशासाठी काढतायत पिशवी?"

मी तोंड उघडायच्या आत ते बोलले. तयारीनं आले होते. "मॅडम, लय अंगावर जातं हिच्या. गणपतीत आलो तवा बारा दिवस. उन्हाळ्यात आलो तवा धा. आत्ता आलोय तर दुसऱ्या दिवसापास्नं सुरू हाय."

सिस्टर लिहीत होत्या. न बघता म्हणाल्या, "आणि तुम्ही नसताना?"

"मी नसताना..." ते म्हणाले आणि थांबले. माझ्याकडं बघितलं. "फोनवर तर कवा बोलली न्हाई ही." परत थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि मी तो बदलताना बघत बसले. बोललेलं त्यांना स्वतःलाच ऐकू आलं होतं. मग अगदी हळू मला म्हणाले, "मी नसताना न्हाई व्हय गं?"

सिस्टरचं पेन थांबलं. मी "असतं की" म्हटलं असतं तर सोमवारी टेबलावर होते. तो शब्द जिभेच्या शेंड्यावर होता, सवयीचा झालेला. मी म्हटलं, "न्हाई."

सिस्टर त्यांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" ते उठले. मी म्हटलं, "बसू द्या त्यांना. परत मला जमायचं न्हाई." ते बसले, पण खुर्ची थोडी मागं घेऊन.

"मला अडचण नसती," मी म्हटलं. "म्हंजे ती नसती. दुसरी हाय."

"दुसरी कसली?" त्यांनी विचारलं. आवाज कडक झालेला.

आणि मला शब्दच नाही. चाळीस कळ्यांच्या परकराला किती कापड लागेल ते तोंडी सांगणारी मी, मला त्या एवढ्याशा जागेला नाव घेता येईना. शिव्यांत ते नाव असतं, ते नवऱ्यासमोर कसं घेऊ? सिस्टरनी माझ्याकडं नीट बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "मी विचारते, तुम्ही हो-नाही सांगा. खाली स्पर्श कळतो का?" नाही. "कोरडं पडतं, दुखतं?" हो. "मांड्या आवळतात?" हो. "त्या वेळी लघवी सुटायची भीती वाटते?" मी हो म्हटलं नाही, नुसती रडले. मग डोकंच फिरलं माझं. मी म्हटलं, "पाच वर्षं येतीय मी हितं. माझ्या पायाच्या अंगठ्याची पण चौकशी केलीत तुमी. हे कुणी का विचारलं न्हाई?"

त्या चिडल्या नाहीत. "चुकलंच आमचं," म्हणाल्या. मग दोघांकडं बघत त्यांनी सांगितलं, जशी भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तितक्या साधेपणानं. पायाची नस जिथनं निघते तिथनंच लघवीची निघते आणि या जागेचीसुद्धा. आजार एकच. पुष्कळ बायकांना होतं, सांगत कुणी नाही. मन उडालेलं नसतं, निरोप पोचत नाही. त्याला उपाय आहेत. आधी लघवी करून यायची, दोन तास पाणी कमी प्यायचं. कोरडेपणाला लावायची जेली मिळते. मांड्या आवळतात त्याला गोळी आहे, कुशीवर झोपून बघायचं. थकवा संध्याकाळी जास्त, तर रात्रीच जवळ यायचं असं कुठं लिहिलंय? आणि एक घरचा अभ्यास दिला. नवऱ्यानं एका बोटानं डोक्यापासून पायापर्यंत शिवत जायचं आणि मी खरं सांगायचं, कळतं, नाही कळत, नको वाटतं. अंगाचा नकाशा म्हणतात त्याला, म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "आणि पिशवीचं काय, तर ती काढून यातलं काहीसुद्धा बरं होणार नाही. डॉक्टर तसं लिहून देतील."

डॉक्टरांनी लिहून दिलं. आम्ही स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसलो, मधे पाण्याची बाटली. मला वाटलं होतं, ते आधी त्या खोट्या श्वासाबद्दल विचारतील, किंवा दुसरं कुणी आहे का असं तरी. त्याची उत्तरं मी मनात जुळवून ठेवली होती.

ते म्हणाले, "पोट कापून घ्यायला तयार झालीस."

मी बाटलीचं झाकण फिरवत बसले.

"माझ्याशी बोलण्यापरीस ते सोपं वाटलं तुला?"

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "व्हय."

"एवढा वाईट हाय मी?"

"न्हाई," मी म्हटलं. "तुमी वाईट असता तर कवाच बोलले असते." हे खरं होतं आणि त्यानं त्यांना काही बरं वाटलं नाही. गाडी आली. येताना खिडकी त्यांनी मलाच दिली, पण केळं नाही, काही नाही. सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, ते समोर बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस सोमवारी रजा रद्द करून निघून जाणार. रजा आता कशाला हवी होती त्यांना? इतकी भीती मला डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हासुद्धा वाटली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी आत्यांना एवढंच सांगितलं, "ऑपरेशन रद्द. डॉक्टर नको म्हणाले." आत्या म्हणाल्या, "आन अंगावर जातंय ते?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्यावर टाकलं होतं त्यांनी, बरोबरच केलं. मी म्हटलं, "आत्या, जात न्हाई. मी खोटं सांगत हुते."

आत्या भाकरी थापत होत्या. हात तसाच पिठात. "दुखरं गुडघं घिऊन मी धा-धा दिवस तुझं पाणी भरलं," म्हणाल्या. "तुला ताटात वाढून दिलं. आन तू नाटक करत हुतीस?" कारण विचारलं नाही. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "मला नगं सांगूस." त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळची कामं उरकून त्या न बोलता पदर घेऊन शेजारी जाऊन बसल्या. त्यांचा राग माझ्यावर अजून पुरता गेलेला नाही आणि तो मला मान्य आहे.

दुपारी मी मशीनवर होते. ते आत आले, दाराला कडी लावली. मला वाटलं आता निघायचं सांगतात. म्हणाले, "लघवीला जाऊन ये." मी बघत राहिले. "सिस्टरनी सांगितलंय न्हवं आदी जायचं म्हणून," असं म्हणून ते खाटेवर चादर नीट करायला लागले. मान वर केली नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

फौजेतला माणूस, नकाशा म्हटल्यावर शिस्तीत सुरू. कपाळ, गाल, मान. एक बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हितं?" मी सांगायची, हाय. खांदा, हाय. डावा हात कोपरापर्यंत हाय, खाली मुंग्या. पोटाच्या वर एक पट्टा आहे, तिथं बोट लागलं की चटका बसतो, तो मी त्यांना कधीच सांगितला नव्हता. त्यांनी हात झटकन काढला आणि म्हणाले, "हितं परत न्हाई लावणार." पुढं पाय घेतले. तळपाय, न्हाई. पोटरी, न्हाई. गुडघा, हाय. मग मांड्या आणि मग जिथं मी तीन वर्षं खोटं बोलले ती जागा. त्यांचा हात थांबला आणि मला दिसलं की त्यांना हो ऐकायचंय. माझ्या तोंडात हो आलासुद्धा. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "न्हाई." बोट जरा सरकलं. "हितं?" न्हाई. "हितं?" न्हाई. प्रत्येक न्हाईला मला वाटायचं, आता उठतील. ते उठले नाहीत.

मग बोट वर आलं, ओटीपोटाच्या खालच्या अंगाला, आडवं. तिथंही नाहीच असेल असं मी धरून चालले होते. माझं तिथं कधी लक्षच गेलं नव्हतं. आणि मला त्यांच्या बोटाचं टोक कळलं, नखाची कड कळली, बोट गार होतं तेही कळलं.

"हाय," मी म्हटलं. "हितं लय कळतंय."

त्यांनी पूर्ण तळवा तिथं टेकवला. मग म्हणाले, "अगं, परवा हितंच कापणार हुते."